नायकाच्या भूतकाळात शिरणारे अंक: भर कुठे घालावी, कुठे नाही?

केळीवाला (रावेर)

बॅटमॅनचे आईवडील एका गल्लीत गोळी लागून गेले, हे ज्याने जन्मात कॉमिक उघडलं नाही त्यालाही ठाऊक असतं. तरी दर थोड्या वर्षांनी कुणीतरी लेखक त्या गल्लीत परत शिरतोच. कधी त्याचं सार्थक होतं, कधी वाटतं गेलाच नसता तर बरं. या धाग्यात अशाच अंकांबद्दल बोलू. नवा खलनायक नको, जगबुडी नको, नायकाच्या मागच्या आयुष्याकडे वळून बघणारा अंक हवा.

माझा लाडका आधी सांगतो. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा ४५७ वा अंक, मार्च १९७६. लेखन डेनिस ओ'नील, चित्रं डिक जिओर्दानो. वर्षातून एका ठरावीक रात्री बॅटमॅन हातातली सगळी कामं टाकून क्राइम अ‍ॅलीत जातो. ही वस्ती पूर्वी पार्क रो म्हणून ओळखली जायची, श्रीमंतांची होती. आता तिथे उजेडही धड नाही. तिथे तो लेस्ली थॉम्पकिन्स नावाच्या एका म्हातारीला शोधतो. ज्या रात्री खून झाला, त्या रात्री रस्त्यावर एकट्या पडलेल्या पोराला तिने जवळ घेतलं होतं. तेव्हापासून ती त्याच वस्तीत लोकांच्या उपयोगी पडत राहिली. हा मुखवटेवाला म्हणजे तोच पोरगा, हे तिला माहीत नाही. तोही सांगत नाही. मध्ये एक गुंड बंदूक काढतो आणि बॅटमॅनचा तोल जातो. बंदूक, ती पण माझ्यावर, आणि ती पण इथे? एवढ्या एका चौकटीत अख्खा भूतकाळ येतो, फ्लॅशबॅकची गरजच पडत नाही.

आता नावडता अंक. 'डिटेक्टिव्ह'चाच २३५ वा, १९५६ चा. त्यात कळतं की तो खून साध्या लुटारूने पैशासाठी केलेला नव्हता, लू मॉक्सन नावाच्या टोळीवाल्याने जुन्या वैरातून करवून घेतला होता. वर हेही कळतं की वडील थॉमस वेन यांनी एका वेशभूषेच्या समारंभात वटवाघळाचा पोशाख घातला होता, म्हणजे पहिले बॅटमॅन तेच! मला हे वाचून धक्का बसला नाही, कंटाळा आला. कुणाही माणसावर, काही कारण नसताना, रस्त्यात येऊ शकतं ते त्या मुलावर आलं, म्हणून तो सगळ्या शहराचा राखणदार झाला. मॉक्सन आल्यावर ते एका घराचं भांडण होऊन बसतं.

तर माझं म्हणणं असं: मागे वळून बघणाऱ्या अंकाने बघावं, बदलू नये. जुन्या प्रसंगात नवे नातेवाईक, नवे कट, नवी गुपितं आणली की नायक लहान होतो. तुमचे अंक सांगा.

लोकोशेड (भुसावळ)

धागा बरोबर वेळेवर काढलात, पाऊस आहे आणि लाइट आहे, दोन्ही एकत्र.

आमच्या भुसावळात सुपरहिरो म्हणजे राज कॉमिक्स. रेल्वे कॉलनीत निम्मी पोरं यूपी-एमपीकडची, प्लॅटफॉर्मवरच्या स्टॉलला हिंदी कॉमिक्स लटकलेली, आणि बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. मराठी शाळेत जाऊन आम्ही हिंदीत भांडायला शिकलो ते नागराज आणि ध्रुवमुळे. शाळेमागे एक काकू भाड्याने पुस्तकं द्यायच्या, पान दुमडलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी मिळायचं नाही.

सुपर कमांडो ध्रुवचा पहिलाच अंक, 'प्रतिशोध की ज्वाला', १९८७, अनुपम सिन्हा. ज्युपिटर सर्कस. आई राधा, वडील श्याम, दोघं झुल्यावरचे कलाकार. ग्लोब सर्कसवाल्यांच्या जळफळाटातून आग लागते आणि सगळं जातं, उरतो एकटा ध्रुव. पुढे पोलीस अधिकारी राजन मेहरा त्याला घरी नेतात. या पोराला शक्ती म्हणून काही नाही. जे आहे ते सर्कशीतलं: मोटारसायकल, झुला, नेमबाजी, जनावरांशी बोलणं. म्हणून ध्रुवच्या बाबतीत भूतकाळ वेगळा आठवायला लागतच नाही. तो प्रत्येक मारामारीत दिसतो. उडी मारली की ती बापाची उडी असते.

आणि सिन्हांनीच पुढे कितीतरी वर्षांनी बालचरित मालिकेत सर्कशीच्या दिवसांकडे पुन्हा मोर्चा वळवला. आमच्या ग्रुपात त्यावर दोन तट आहेत. मला आवडली. निर्माता स्वतःच परत जात असेल तर त्याला 'बदलू नको' सांगणारे आपण कोण?

पांझरा (धुळे)

तुम्ही सगळे पोरं. आमच्या वेळी वेताळ होता, म्हणजे फँटम.

इंद्रजाल कॉमिक्स, मार्च १९६४ ला सुरू, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं. सुरुवातीला किंमत साठ पैसे. मराठीतही निघायचं. मुखपृष्ठं बी. गोविंद यांची, ती बघूनच पैसे सुटायचे खिशातून. गंमत अशी की पहिला अंकच भूतकाळाचा होता: वेताळाच्या वडिलांचा हरवलेला पट्टा आणि वडिलांचा मारेकरी. म्हणजे इथल्या वाचकाला नायकाची ओळख झाली तीच त्याच्या बापाच्या खुनापासून.

मूळ फँटम ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रातून सुरू केला. मूळ कथा १५३६ ची: चाच्यांनी जहाज लुटलं, बाप मारला, पोरगा किनाऱ्याला लागला, बुटक्या बांदर लोकांनी वाचवला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा, मुलामागून नातू. आपण वाचतो तो एकविसावा. गुहेत प्रत्येकाने लिहिलेल्या बखरी रांगेने ठेवलेल्या. लेखकाला जुनी गोष्ट सांगायची असली की तो एक बखर काढतो, विषय संपला. नवं काही घुसडायची गरजच नाही, चारशे वर्षं मोकळी पडलीत.

फॉकसाहेबांनीही मधूनच बेत बदलला होता बरं का. आधी त्यांच्या मनात जिमी वेल्स नावाचा श्रीमंत ऐषआरामी तरुण हाच रात्रीचा फँटम असावा असं होतं. गोष्ट चालू असताना ते सोडून दिलं आणि जंगल, गुहा, पिढ्या आल्या. वाचलो आपण.

शेवभाजी_फॅन (शिरपूर)

आप्पा, इतलं बठ्ठं वाचीसन मन्हं डोकं दुखाले लागनं. माले एकच सांगा, वेताळ मरस का नही मरस?

पांझरा (धुळे)

मरस रे भो. पन कपडा त्याच राहतस, म्हनीसन लोकेस्ले समजत नही.

मांडे_खापर (अमळनेर)

वर लेस्लीबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. सुपरहिरोंच्या भूतकाळात बाया मरायला येतात. बॅटमॅनची आई मार्था वेन, ध्रुवची राधा, कुणीही घ्या. नाव असतं, एक-दोन चौकटी असतात, मग फोटो होतो. लेस्ली ही मला आठवणारी पहिली बाई जी त्या रात्री तिथे होती आणि जिवंत राहिली. वर काम करत राहिली. बॅटमॅनने जे केलं ते पैसा, गुहा, गाडी, यंत्रं घेऊन. तिने तेच दुःख बघून गल्लीतच बिऱ्हाड थाटलं. शेवटी तो तिच्या कपाळाचं चुंबन घेतो, तिथे मला तो पहिल्यांदा मुलगा वाटला.

केळीवाला भाऊ, तुम्ही गोष्ट छान सांगितलीत, पण 'उपयोगी पडत राहिली' एवढ्यात तिला उरकलंत. त्या अंकाची नायिका ती आहे.

डफवाला (नंदुरबार)

मला दोन-तीन गोष्टी पटल्या नाहीत, सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वही नावाचा लोकगीताचा प्रकार गातात. डफ, समोरासमोर माणसं, आणि देवाधर्माची कथा रात्रभर. कथा सगळ्यांना पाठ. पण एक पार्टी जन्माच्या प्रसंगावर तासभर रेंगाळेल, दुसरी तो एका कडव्यात उडवेल आणि मध्येच एक म्हातारी आणून बसवेल जी कुठल्याच पोथीत नाही. कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री बाया गाणी म्हणतात तेव्हाही हेच. कुणी उठून 'हे मुळात नव्हतं' म्हणत नाही. ज्या कथेत भर पडायची थांबली, ती लोकांनी गायची सोडली म्हणून समजा.

आता मुद्द्यावर. केळीवाला, तुमचा नियम 'बघावं, बदलू नये'. मग मला सांगा, लेस्ली थॉम्पकिन्स १९३९ मध्ये कुठे होती? बॅटमॅन मे १९३९ ला आला, त्याचा भूतकाळ त्याच वर्षी 'डिटेक्टिव्ह'च्या नोव्हेंबरच्या ३३ व्या अंकात आला, तोही दोन पानांत. त्या दोन पानांत म्हातारी नाही. खुन्याला नावसुद्धा नाही. जो चिल हे नाव १९४८ ला 'बॅटमॅन'च्या ४७ व्या अंकात मिळालं. म्हणजे ज्या अंकाला तुम्ही डोक्यावर घेतलंय, त्यानेही जुन्या रात्रीत नवं माणूस आणून बसवलं. ओ'नीलने केलं तर बघणं आणि १९५६ वाल्याने केलं तर बदलणं, हा कुठला न्याय?

लोकोशेड (भुसावळ)

हा हा. नंदुरबार एक्स्प्रेस वेळेच्या आधी आली.

शेवभाजी_फॅन (शिरपूर)

मी बठी जास आते, चहा ठेवा.

केळीवाला (रावेर)

डफवाला, प्रश्न बिनतोड आहे, म्हणून काल रात्री ती दोन पानं पुन्हा काढून बसलो.

त्यात क्रम बघा. चित्रपट बघून तिघं घरी निघतात. लुटारू. गोळ्या. मुलगा उभा. पुढची चौकट थेट काही दिवसांनंतरची: मेणबत्तीच्या उजेडात मुलगा हात जोडून शपथ घेतोय. मग अभ्यास, व्यायाम, खिडकीतून आलेलं वटवाघूळ, संपलं. गोळी सुटली त्या क्षणापासून शपथेपर्यंत त्या मुलाचं काय झालं? कुणी उचललं? घरी कुणी नेलं? तो रात्रभर कुठे होता? मूळ लेखकांनी हे सांगितलेलंच नाही. त्यांना दोन पानांत उरकायचं होतं. लेस्ली नेमकी त्या न सांगितलेल्या रात्रीत येते. तिच्या येण्याने आधीची एकही चौकट पुसावी लागत नाही. उलट शपथेची चौकट आता वेगळी वाचता येते: ज्या मुलाला त्या रात्री कुणीतरी जवळ घेतलं, तो नुसता सूड न मागता शहर राखायची शपथ का घेतो, ते कळतं.

मॉक्सन ज्या जागी येतो ती रिकामी नव्हती. तिथे आधीच उत्तर होतं: काहीही कारण नव्हतं. त्याने ते उत्तर काढून टाकून आपलं ठेवलं.

म्हणून तुमच्या वहीतली म्हातारी मला चालेल. ती आणताना गाणारे मूळ प्रसंग मोडत नाहीत. पण उद्या कुणी गायलं की अमुक देवाला अमुक राक्षसाने सुपारी देऊन... तुमच्याच गावात डफ हिसकावून घेतील.

डफवाला (नंदुरबार)

डफ हिसकावणार नाहीत, पण पहाटेचा चहा मिळणार नाही, हे खरं.

रिकामी जागा हा निकष बरा आहे, अर्धा मान्य. अर्धा एवढ्यासाठी की '४८ चा तो ४७ वा अंक मला फार आवडतो आणि तो तुमच्या निकषावर कुठे बसतो ते बघा. बॅटमॅनला खुनी सापडतो. पुरावा नाही. तो त्याच्यासमोर मुखवटा काढतो: तू ज्याला अनाथ केलंस तो मी. चिल घाबरून आपल्याच टोळीकडे पळतो आणि सांगून बसतो की बॅटमॅन माझ्यामुळे झाला. टोळीवाले त्याला तिथेच गोळ्या घालतात. याच्यामुळे आपले धंदे बसले म्हणून! आता खुन्याला नाव, चेहरा, शेवट सगळं दिलं. 'कुणीतरी अनोळखी' हे उत्तर होतं ना? ते गेलं की नाही?

केळीवाला (रावेर)

नाव मिळालं, कारण नाही मिळालं. चिल शेवटपर्यंत क्षुल्लकच राहतो, त्या वेळी त्याला लुटायचं होतं एवढंच. म्हणून तो अंक चालतो. पण हो, दोरीवरून चालल्यासारखा चालतो.

वाघूर_धरण (जळगाव)

स्पायडरमॅन कुणी काढलाच नाही? मी काढतो.

१५ व्या 'अमेझिंग फँटसी'त, ऑगस्ट १९६२, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. फक्त ११ पानं. पीटर नावाच्या पोराला शक्ती मिळते, पोरगा टीव्हीवर पैसे कमवायला जातो, समोरून पळणाऱ्या चोराला अडवत नाही, आणि तोच चोर पुढे बेनकाकांना मारतो. बेनकाका पीटरला शक्ती आणि जबाबदारीचं ते प्रसिद्ध वाक्य सांगतात असं सगळे समजतात. त्या अंकात ते काका बोलतच नाहीत, शेवटच्या चौकटीत निवेदकाचं आहे. काकांच्या तोंडी ते नंतर आलं. ही पण भरच म्हणायची, आणि इतकी बसली की मूळ कुणाला आठवत नाही. डफवाल्यांच्या बाजूने एक मत.

वळून बघणारे दोन अंक. पहिला 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ५० वा, जुलै १९६७, ली आणि जॉन रोमिटा. पीटर वैतागून पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि निघून जातो, ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय. पण तो परत का येतो? एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला गुंडांपासून वाचवतो, त्याच्या चेहऱ्यात त्याला काका दिसतात आणि आपण हे कशासाठी सुरू केलं ते आठवतं. भूतकाळात एका अक्षराचीही भर नाही. निव्वळ आठवण.

दुसरा २०० वा, जानेवारी १९८०. तो चोर परत येतो. त्यात सांगतात की तो त्या घरात शिरला ते उगाच नव्हे, जुन्या काळच्या एका गुंडाने तिथे पैसा दडवला होता म्हणून. घ्या, आली गुपितं! केळीवाल्यांच्या नियमाने हा अंक बाद. पण शेवट ऐका: तो पैसा निघतो तेव्हा कधीच कसरीने खाऊन टाकलेला असतो. ज्यासाठी माणूस मेला ते भुसकट. लेखक मार्व वुल्फमनने कारण दिलं आणि लगेच त्या कारणाचीच फजिती केली. मला हे भन्नाट वाटतं.

पांझरा (धुळे)

कसर म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. माझा मराठी इंद्रजालचा एक बांधीव गठ्ठा तिनेच खाल्ला, वेताळाची शपथ तेवढी शाबूत आहे. कडुलिंबाचा पाला ठेवा रे पोरांनो, आणि गठ्ठे भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते.

मांडे_खापर (अमळनेर)

२०० वा अंक मिळाला नाही, पण तुम्ही सांगितलंत त्यावरून बाद करू नये असं वाटतं. कारण दिल्यामुळे चोराचं पाप मोठं झालं, पीटरचं लहान नाही झालं. त्याने चोराला जाऊ दिलं, हे तसंच राहिलं ना? मॉक्सनमुळे मात्र ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, दुःखाची जातच बदलते. जागा रिकामी होती का नव्हती, यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की भर टाकल्यावर नायकाच्या वाट्याचं ओझं कुणी परस्पर उचलून नेलं का.

डफवाला (नंदुरबार)

ताई, हे वरच्या दोघांपेक्षा चांगलं मांडलंत. केळीवाला, नियम बदलून घ्या.

केळीवाला (रावेर)

घेतला लिहून. रिकामी जागा सोडत नाही मात्र.

सातपुडा_पायथा (चोपडा)

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. भिल्ल पुढारी खाज्या नाईकांवर असा एखादा अंक कुणी का काढत नाही? १८५७-५८ चं बंड, अंबापाणीची लढाई, सगळे तेवढंच सांगतात. पण हा माणूस आधी सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्याच चाकरीत रस्ता राखत होता, मग त्यांच्याच तुरुंगात गेला. राखणदार ते बंडखोर हा मधला प्रवास म्हणजे वळून बघायचा अंक तयारच आहे. लढाईच्या आदल्या रात्री सुरू करायचा आणि मागे जायचं.

डफवाला (नंदुरबार)

चोपडा, हे अवांतर नाही, पण याला वेगळा धागा काढा. खऱ्या माणसाच्या बाबतीत रिकामी जागा भरायची मोकळीक आपल्याला नाही, तिथे नियम कडक लागतात. आणि चित्रं काढताना घाट, कपडे, हत्यारं नीट बघून काढावी लागतील. सिनेमातले भिल्ल नकोत.

सातपुडा_पायथा (चोपडा)

काढतो. चित्रकार पोरगं आहे गावात, बारावीची परीक्षा होऊ द्या त्याची.

शेवभाजी_फॅन (शिरपूर)

मन्हा पोऱ्या चौथीले शे, मोबाईलमाईन डोकं काढत नही. बठ्ठास्नी मिळीसन एक सांगा, पहिलं कोनतं देवू?

वाघूर_धरण (जळगाव)

स्पायडरमॅनची ती ११ पानं. एका बैठकीत होतील आणि शेवट झाल्यावर तो स्वतः विचारेल की त्याने चोराला सोडलं का. इंग्रजीत आहेत, तुम्ही शेजारी बसून अहिराणीत सांगा.

पांझरा (धुळे)

वेताळ द्या. गुहा, कवटी, घोडा, लांडगा. चौथीतल्या पोराला दुसरं काय लागतं?

लोकोशेड (भुसावळ)

ध्रुव. हिंदी त्याला कळायला लागलीच असेल. माझ्याकडे पहिल्या अंकाची दुसरी प्रत आहे, शिरपूरकडे कुणी येत असेल तर पाठवतो. परत नको, पण पान दुमडू देऊ नका.

आणि डफवाला, केळीवाला, दोघांना एक प्रश्न राहिला. ध्रुवच्या सर्कशीत तुमची ती रिकामी जागा कुठे? आग कुणी लावली, का लावली, ते पहिल्याच अंकात सांगून झालंय.

डफवाला (नंदुरबार)

आगीत नाही, आगीच्या आधी बघा. जनावरांची भाषा त्याला शिकवली कुणी? आईबाप झुल्यावरचे. पिंजऱ्यांजवळ कुणीतरी असेलच की, सकाळी खाणं टाकणारं.

लोकोशेड (भुसावळ)

थांबा. अंक खालीच ठेवलाय, बघून सांगतो.